उजवा कौल

आमच्या भोरमधून दरवर्षी एक दिवाळी अंक निघतो. त्याच्या संपादकांचा यंदा श्रावणातच फोन आला. म्हणाले, "विषय ठरलाय, माझ्या जगण्याचं प्रयोजन. एक कीर्तनकार लिहितायत, एक प्राचार्य आहेत, एक उद्योजक आहेत. नास्तिक काही मिळेना. तुम्ही लिहाल का? थोडं प्रेरणादायी असू द्या."

फराळाच्या ताटात तिखट म्हणून शेव लागते, तसा मी लागत होतो. मी हो म्हणालो. प्रेरणादायीचं मात्र जमेलसं वाटत नाही. ही पानं जाहिरातींना द्यायची असतील तर संपादकांना अजून वेळ आहे.

मी आरोग्यसेवक होतो. आरोग्यसेवक म्हणजे डॉक्टर नव्हे. वाड्यावस्त्यांवर सगळे मला डॉक्टरसायेब म्हणायचे. सुरुवातीला मी दुरुस्त करायचो, पुढे सोडून दिलं. ताप आलेल्या माणसाच्या बोटातून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, विहिरीत जंतुनाशक पावडर टाकायची, घराच्या दारावर खडूने भेटीची तारीख लिहायची, हे आमचं काम. पण वेल्ह्याच्या डोंगरात आमची खरी परीक्षा सापांच्या दिवसांत व्हायची. भात लावताना, आणि पुन्हा दिवाळीनंतर गवत कापताना.

सापाचं गणित बाहेरच्या माणसाला सांगितलं पाहिजे. बहुतेक साप बिनविषारी असतात. विषारी सापही चावताना दर वेळी विष सोडतोच असं नाही. त्यामुळे कुठल्याही देवऋषीपुढे आणलेली बरीचशी माणसं आपोआप बरी होऊन चालत घरी जातात आणि नाव देवऋषीचं होतं. उरलेल्यांना इंजेक्शनच लागतं, आणि तेही वेळेत. घोणस चावली तर रक्त गोठायचं थांबतं. ते ओळखायची पद्धत साधी आहे. कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, वीस मिनिटं नळीला हात लावायचा नाही, मग ती कलती करायची. रक्त जागचं हललं नाही तर ठीक. पाण्यासारखं वाहिलं तर विष भिनलंय.

ही वीस मिनिटं मी बऱ्याच जणांबरोबर बसून काढली आहेत. भाटघरला असताना तिथले एक निवृत्त हेडमास्तर असेच आले. पक्के बुद्धिवादी. घरात एक तसबीर नाही. धरणाच्या पाण्याकडेला त्यांना दिवड चावली होती. दिवड निरुपद्रवी, पण चावते कडकडून. सर नळीकडे एकटक बघत बसले. वीस मिनिटांनी मी नळी कलती केली, रक्त घट्ट. सर म्हणाले, "विज्ञानाचा विजय!" आठ दिवसांनी मला ते देवळामागे नारळ फोडताना दिसले. "घरच्यांच्या समाधानासाठी," ते म्हणाले. घरचं कोणी बरोबर नव्हतं.

त्याच गावात एक महाराज होते. देह विठ्ठलाला वाहिलाय, तो ठेवील तसं राहायचं, असं रोज सांगायचे. त्यांना विंचू चावला तेव्हा विठ्ठलाला न विचारता ते पहिल्या जीपमध्ये बसले आणि सगळा रस्ता ड्रायव्हरच्या नावानं शंख करत आले, की हॉर्न का वाजवत नाहीस.

मला दोघंही तेव्हा हास्यास्पद वाटायचे. माझं स्वतःचं प्रयोजन मला अगदी स्पष्ट होतं. भोरच्या वाचनालयातली चार कपाटं मी वाचून काढली होती. माणसानं माणसासाठी जगावं आणि अंधारात असलेल्याला उजेडात आणावं, असं माझं मत होतं. मतात आजही चूक दिसत नाही.

मग माझी बदली वेल्ह्याच्या बाजूला झाली. तिथल्या उपकेंद्रात मंदा सिस्टर होत्या. बाई निवृत्तीला आलेली, गुडघे दुखणारी, तोंडानं फटकळ. त्यांना मी एकदा विचारलं होतं, "सिस्टर, हे सगळं तुम्ही कशासाठी करता?" त्या लस ठेवायच्या डब्यात बर्फ भरत होत्या. म्हणाल्या, "मला पाच वाजताची एसटी गाठायचीय. हा डबा आधी धरा."

उपकेंद्राच्या वर तासाभराच्या चढावर शेळ्यामेंढ्या पाळणाऱ्या लोकांची वस्ती होती. वीसेक घरं, शेजारी वाघजाईचं ठाणं. तिथला भगत धाकू आबा. किडकिडीत म्हातारा, खांद्यावर घोंगडी, बोलणं कमी. कुणाला साप चावला की त्याला आधी आबापुढे आणायचे आणि आबा कौल लावायचा.

कौल म्हणजे देवीला विचारणं. देवीच्या दगडाला उजव्या आणि डाव्या अंगाला पाण्यानं एकेक फुलाची कळी चिकटवायची, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी कळी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. साप चावलेल्याबद्दल प्रश्न एकच असायचा, ह्याला खाली दवाखान्यात न्यायचं का? उजवी पडली तर न्यायचं. डावी पडली तर हलवायचं नाही, अंगारा लावून देवीपुढेच ठेवायचं.

मी पहिल्याच वर्षी चार-पाच कौल बघितले आणि माझ्या लक्षात एक गोष्ट आली. शेळी हरवली, पोरीचं लग्न जमेना, असल्या बाबतीत कौल कधी उजवा पडायचा, कधी डावा. साप चावलेल्या माणसाचा मात्र दर वेळी उजवाच. मी आबाच्या हाताकडे बघायला लागलो. तो उजव्या अंगाला दोन बोटं जास्त पाणी लावायचा. पाणी जास्त झालं की कळी घसरते. तीन-चार मिनिटांत काम फत्ते.

मोठा शोध लागल्यासारखा मी धावत खाली आलो. "सिस्टर, तो म्हातारा लबाडी करतो."

"करतो," मंदा सिस्टर म्हणाल्या. "मीच सांगितलंय."

पुढे मी जे केलं ते करताना हे मला ठाऊक नव्हतं, असं म्हणता आलं असतं तर हा लेख सोपा झाला असता. सिस्टरनी मला सगळं सांगितलं. बऱ्याच वर्षांपूर्वी आबाच्या दगडापुढे साप चावलेला एक माणूस दगावला. कौल डावा पडला होता. दुसऱ्या दिवशी आबा एकटाच डोंगर उतरून उपकेंद्राच्या पायरीवर येऊन बसला. म्हणाला, "बाई, आईनं मला तितं माणसं राखाया बसिवलंय. आन् माज्या म्होरं माणूस गेलं. आता म्या काय करू?" सिस्टर म्हणाल्या, "कौल लावा, पण उजवा पाडा. आणि फडकं आवळून बांधू नका, काठी लावून पाय नुसता स्थिर ठेवा." आबा म्हणाला, "आईला इचारतो." आठ दिवसांनी परत आला. "आई व्हय म्हनली."

"कशावरून व्हय म्हणाली?" मी विचारलं.

"कौल लावला असेल. तो कसा पडला ते मी विचारलं नाही," सिस्टर म्हणाल्या. "तेव्हापासून माणसं तासाभरात खाली येतात. पायाला काठी बांधलेली असते. तुम्हाला अजून काय पाहिजे, भाऊ?"

मला अजून बरंच काही पाहिजे होतं. माणसं जगायला हवी होती, पण योग्य कारणासाठी जगायला हवी होती. देवीनं सांगितलं म्हणून दवाखान्यात येणारा माणूस मला अर्धाच वाचलेला वाटायचा.

मंदा सिस्टर निवृत्त झाल्या, तेव्हा त्यांना निरोप द्यायला वरच्या वस्तीतून आबा एक कोंबडा घेऊन आला होता. जाताना सिस्टर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आबाला सांभाळा. आणि भाषण करू नका."

मी भाषण केलं.

निमित्त जनजागृती कार्यक्रमाचं. तालुक्याचे अधिकारी वर येणार होते. वस्तीवरच्या शाळेपुढे मांडव घातला, फ्लेक्स लावला. फ्लेक्सवर अधिकाऱ्यांचे चार फोटो आणि कोपऱ्यात एक साप होता. दीपप्रज्वलन झालं, वाऱ्यानं तीनदा विझलं, तीनदा प्रज्वलन झालं. मग माझं प्रात्यक्षिक. मी एक दगड आणला होता, झेंडूच्या दोन कळ्या आणि तांब्याभर पाणी. म्हणालो, "आता मी कौल लावतो. सांगा, कुठली पाडू?" कोणीतरी म्हणालं डावी. मी डावीकडं पाणी जास्त लावलं. डावी पडली. मग उजवी पाडून दाखवली. मग म्हणालो, "तुमचा आबा साप चावलेल्याचा कौल दर वेळी उजवाच पाडतो. कसा, ते आता कळलं? पुढच्या वेळी पाणी किती लावतो ते बघत जा."

अधिकाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. धाकू आबा पहिल्या रांगेत सतरंजीवर बसला होता. सगळी वस्ती त्याच्याकडे बघायला लागली. तो शांतपणे म्हणाला, "झालं का, सायेब?" मी म्हणालो, झालं. त्यानं घोंगडी झटकली आणि उठून गेला. दुसऱ्या दिवशी पेपरात माझा दगडासकट फोटो आला.

त्यानंतर वर्षभर आबाकडे कोणी कौल लावायला गेलं नाही. मी खूश होतो. भोरला वाचनालयात मित्रांना चहा पाजला. त्या वर्षात साप चावल्याची एकही केस आमच्याकडे वरून आली नाही, याचाही मी मला हवा तो अर्थ लावला.

दुसऱ्या वर्षीच्या गवतकापणीत, दुपारी चारेक वाजता वस्तीतली पाच-सहा माणसं एका बाईला घोंगडीच्या झोळीतून घेऊन आली. सुमन तिचं नाव. तिचा नवरा कोंडिबा पुढं होता. पाय मांडीपर्यंत सुजलेला, हिरड्यांतून रक्त येत होतं.

"कधी चावलं?"

"सकाळच्या पारी. धाच्या सुमारास. घोनस व्हती, म्या मारली."

"आणि आत्तापर्यंत कुठं होतात?"

कोंडिबानं डोंगराच्या पलीकडं बोट केलं. "पल्याडच्या देवऋषाकडं न्हेली व्हती."

बोलायला वेळ नव्हता. पायाला काठी बांधली, जीप बोलावली. वेल्ह्याला दवाखान्यात डॉक्टरांनी नळीत रक्त घेतलं. मला वीस मिनिटं थांबायची गरज नव्हती, पण थांबलो. नळी कलती केली. पाणी. इंजेक्शनं लगेच चालू झाली, तिथून तिला पुण्याला हलवलं. सगळ्यांनी आपापलं काम नीट केलं, हे इथं नोंदवतो. फक्त सहा तास उशीर झाला होता. मूत्रपिंडं बंद पडली आणि तिसऱ्या दिवशी ती गेली. तिशीचीसुद्धा नसेल.

पुण्याच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात मी कोंडिबाजवळ बसलो होतो. काय बोलावं सुचत नव्हतं, म्हणून चिडलो. माणूस अशा वेळी ते फार लवकर करतो. "अरे, मी एवढं ओरडून सांगितलं, तरी तुम्ही दुसऱ्या देवऋषाकडे गेलात? आबा तर दहा पावलांवर होता!"

"आबाचा कौल खोटा हाय. तुमीच सांगितलं न्हवं?"

"मी सांगितलं की कौलच खोटा असतो!"

"न्हाई सायेब," कोंडिबा म्हणाला. आवाजात राग नव्हता, मला समजावून सांगत होता. "पल्याडचा खरा हाय. म्या सोता जवळ बसून बगितलं. दोनी अंगाला पानी सारकं व्हतं. तुमी दावलं व्हतं तसंच बगितलं. डावी पडली. देवीच न्हाई म्हनली, त्याला कोन काय करनार?"

मी त्याला लबाडी ओळखायला शिकवलं होतं. तो नीट शिकला होता. पलीकडचा देवऋषी प्रामाणिक होता, त्यानं पाणी सारखं लावलं आणि कळीला पडायचं तिकडं पडू दिलं. वर्षभर केस का आली नाही, तेही कळलं. त्या वर्षात वस्तीतल्या दोघांना साप चावला होता, दोघंही पलीकडं गेले होते आणि दोघांचं नशीब चांगलं होतं.

तेराव्यानंतर मी वर गेलो. धाकू आबा ठाण्यापुढे झाडलोट करत होता. पूजा चुकवली नव्हती त्यानं, फक्त विचारायला कोणी येत नव्हतं. मी म्हणालो, "आबा, माझं चुकलं."

"व्हय," तो म्हणाला, आणि झाडत राहिला.

"आता काय करता येईल?"

"मला काय इचारता? तुमी शिकल्याली मानसं." मग झाडू टाकून बसला. "सायेब, तुमी चारचौगांत बोललात. आता चारचौगांतच काय ते करा. चैतात जत्रा हाय. समदी वस्ती आसती. आईपुडं बसा आन् माज्याकडनं कौल मागा. काय बी इचारा, बदली व्हईल का इचारा. सायबानं आबाकडनं कौल घेतला म्हनल्यावर लोकं परत येतील."

"आबा, माझा विश्वास नाही."

"माजा तरी कुटं कळीवर हाय? आईवर हाय," आबा म्हणाला. "तुमाला निस्तं बसायचंय."

मी विचार करतो म्हणालो. आणि खरोखरच चार महिने विचार केला. एका बाजूला वीस घरं होती. दुसऱ्या बाजूला मी होतो, माझी चार कपाटं होती, पेपरातला फोटो होता, आणि हात जोडलेला माझा दुसरा फोटो पेपरात आला तर भोरला काय तोंड दाखवायचं, हा प्रश्न होता. याला मी तेव्हा तत्त्व म्हणत होतो. जत्रेच्या दिवशी मी वेल्ह्याच्या कार्यालयात बसून एक अहवाल लिहिला. तो दुसऱ्या दिवशी दिला असता तरी चाललं असतं. माझ्यासारख्या माणसाला स्वर्गाची आशा नसते आणि नरकाची भीती नसते, त्यामुळे तो जे करतो ते निखळ माणुसकीनं करतो, असं मी कुठेतरी वाचलं होतं. त्या दिवशी मी काय केलं त्याला काय म्हणतात, ते त्या पुस्तकात नव्हतं.

नंतर माझी बदली झाली, कौल न लावता. यथावकाश निवृत्तही झालो. भोरला कार्यालयात मोठा सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि फ्रेममधलं मानपत्र. एका पुढाऱ्यानं भाषणात सांगितलं, की परमेश्वरानं या माणसाला याच कार्यासाठी पृथ्वीवर पाठवलं होतं. मी नास्तिक आहे, हे त्यांच्या कानात कोणीतरी सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "परमेश्वर त्यांच्याकडूनही काम करून घेतो." टाळ्या पडल्या. मानपत्रात मधोमध, ठळक अक्षरांत लिहिलंय, 'देवऋषीच्या कौलाचे बिंग भर सभेत फोडून वस्तीस अंधश्रद्धेतून मुक्त केले.' बायकोनं ते बैठकीत लावलंय. येणारा प्रत्येक जण वाचतो. काढून ठेव म्हणावं तर कारण सांगावं लागेल.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर मी वर गेलो. नसरापूरला गाडी बदलली, वेल्ह्याला उतरलो, पुढं जीप आणि मग पायी. गुडघे आता मंदा सिस्टरसारखे झालेत. तासाचा चढ दोन तासांचा झाला. वस्तीत बहुतेक घरांना कुलपं. माणसं पुण्याला, वारज्याला, कात्रजला गेलेली. गवत उभंच होतं, कापायला कोणी नाही. आबा ठाण्यापुढे उन्हात बसला होता. मोतीबिंदूनं डोळे पांढरे झालेले. आवाजावरून मला ओळखलं.

"सायेब? चालत आलात?"

"आबा, कौल मागायला आलोय. चारचौघांत."

तो हसला. दात नव्हते. "चारचौगं हायेत कुटं आता? म्या हाय आन् सुनंच्या दोन शेरडी हायेत. कोंडिबा बी गेला. वाचमन हाय म्हनं कुटं तरी सोसायटीत."

तरीही मी देवीपुढे बसलो. पायताण काढलं, हात जोडले. हे सगळं निरर्थक होतं हे मला कळत होतं. ज्यांनी बघायला हवं होतं, त्यातलं तिथं कोणी नव्हतं. आबानं चाचपडत दोन कळ्या खुडल्या, तांब्यात बोटं बुडवली.

"काय इचारायचं ते मनात धरा," तो म्हणाला.

मी धरलं. सुमन माझ्यामुळे गेली का, एवढंच.

आम्ही दोघं बसून राहिलो. शेरडं दगडामागचा पाला ओरबाडत होती. खाली दरीत एसटीचा हॉर्न वाजला, परतीची गाडी ती असावी. तीन-चार मिनिटं झाली असतील. उजवी कळी घसरली आणि पडली. आबानं जमिनीवर हात फिरवून ती चाचपली, कपाळाला लावली आणि माझ्या हातात दिली.

"व्हय म्हनती," तो म्हणाला.

कौलाला काही अर्थ नसतो, हे त्या डोंगरात माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नाही. आबानं सवयीनं उजव्या अंगाला पाणी जास्त लावलं होतं. मी बघितलं होतं.